आधी कच्चा दाखवा

"यातले तीन शब्द काढ, मग मी वाटायला येतो."

मंगेशदादाची आणि माझी ओळख या वाक्याने झाली. पेणला, गणपतीच्या एका कारखान्यात. मी रोह्याची. खाडीचे बांध फुटून खारं पाणी भातशेतीत शिरत होतं आणि त्याबद्दलची पत्रकं घेऊन आम्ही संघटनेची चार-पाच जणं गावोगाव हिंडत होतो. गडब गावात वाटून झाली, मग पेणला आलो. कारखान्यात फळ्यांवर पांढऱ्या मूर्तींच्या रांगा आणि त्यांच्यामध्ये हा उभा. किडकिडीत, चाळिशीला टेकलेला, भुवयांपर्यंत पांढरी पूड. पत्रक त्याने उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाचलं. पत्रक शेवटपर्यंत वाचणारा माणूस मी तोवर पाहिलेला नव्हता.

"कुठले तीन?" मी विचारलं. आवाजात भांडण होतंच.

"भयानक, अक्षम्य आणि काळा. पाणी कुठवर आलं ते लिही ना. विहिरीपर्यंत आलं का गोठ्यापर्यंत? विहीर लोकांना कळते. अक्षम्य कुणाला कळतो गो?"

'अक्षम्य' हा माझा लाडका शब्द. मी लिहायला शिकले तीच पत्रकं लिहितालिहिता, आणि पत्रकात असले शब्द नसले तर मला ते उघडंबोडकं वाटतं. मी फणकाऱ्याने निघून आले. पण पुढच्या छपाईत विहीर आली आणि मंगेशदादा खरोखरच वाटायला आला. त्या दिवसापासून माझं नाव त्याने टाकून दिलं. "काय गो पत्रक, आज कुणावर?" अशी हाक.

कारखान्यात त्याचं काम गिऱ्हाइकांना मूर्ती दाखवण्याचं. जाणती गिऱ्हाइकं सणाच्या कितीतरी महिने आधी येतात, रंग चढायच्या आधी. कच्ची मूर्ती बघायची, पसंत पडली की तिच्यावर आपल्या नावाची चिठ्ठी लावायची, मग रंग. मंगेशदादा मोबाइलचा टॉर्च लावून मूर्तीवर आडवा उजेड मारायचा. समोरून मारला तर सगळंच गुळगुळीत दिसतं. आडवा मारला की सांधा, भेग, मागाहून लिंपलेली जागा, सगळं वर येतं. "रंग चढला की देव काय लपवतोय ते देवालापण सांगता येत नाय," म्हणायचा. "म्हणून आधी कच्चा बघायचा."

एकदा माझ्यासमोरच ठाण्याहून एक जोडपं आलेलं. त्यांना एक मूर्ती फार आवडली. बाईंनी हात जोडलेसुद्धा. याने टॉर्च आडवा धरला. "मनगटाला जोड हाय बघा. साच्यातून काढताना तुटलं, परत लावलंय. नेताना जपायला लागेल." बाईंचा चेहरा उतरला. आतून मालक ओरडले, "मंग्या, तू विकायला उभा हायस का मोडायला?"

"विकायलाच, मालक. पण वाटेत हात निघाला तर ते देवाला नाय, आपल्याला शिव्या देतील."

जोडप्याने धाकटी मूर्ती घेतली. मालकांनी त्याला काढून टाकलं नाही, कारण पुढच्या वर्षी तेच जोडपं आणखी दोन घरं घेऊन आलं आणि दारातच विचारलं, "ते टॉर्चवाले कुठे आहेत?"

कारखान्याबाहेरही तो असाच. चपला घेताना दुकानाबाहेर पार कोपऱ्यापर्यंत चालून यायचा. मिसळ मागवायच्या आधी तळहात पुढे करायचा, "थेंबभर रस्सा घाल, बघू." हॉटेलवाले वैतागायचे, पण घालायचे. त्याच्या मावशीने त्याला मुलगी दाखवायला नेलं तेव्हा याने तिला विचारलं म्हणे, की तुला माझ्यातलं काय खटकलं ते आत्ताच सांग. मुलीने सांगितलं. लग्न झालं नाही. "पण खरं बोलली," असं तो तिच्याबद्दल कौतुकाने सांगायचा.

आणि या माणसाला व्हिडिओ गेमचं वेड होतं. रोह्याशेजारच्या अष्टमी गावचा त्याचा एक शाळासोबती आखातात नोकरीला. तो सुट्टीवर येताना आपलं जुनं गेमचं यंत्र घेऊन आला आणि जाताना याच्याकडे टाकून गेला. मला गेममधलं काही कळत नव्हतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, "दादा, बांध फुटलेत आणि तू बटणं दाबत बसतोस?"

"तू सभेनंतर भजी खातेस तेव्हा बांध फुटलेले नसतात का?"

पुढच्या सभेनंतर मी भजी खाल्लीच. अजूनही खाते.

ज्या गेमची ही गोष्ट आहे तो एका परदेशी कंपनीचा. एकटा खलाशी, जुनी होडी, एक बंदर, बेटं, धुकं. मारामारी नाही. वारा बघायचा, भरती-ओहोटी बघायची आणि बेटाबेटावर जात राहायचं. त्याची पहिली जाहिरात आली तेव्हा मंगेशदादाने ती मला कारखान्याच्या ओट्यावर मोबाइलवर दाखवली. लाटा, पक्षी, वाद्यांचा गजर. मला आवडली. त्याने मध्येच थांबवली आणि बोट ठेवलं. खालच्या कोपऱ्यात मुंगीएवढी अक्षरं: प्रत्यक्ष खेळ यापेक्षा वेगळा असू शकतो.

"बघितलंस? आणि पडद्यावर बटणाची खूण कुठंच नाय. म्हणजे हा कुणी खेळत नाय. हा रंगवलेला हाय."

"मग काय पाहिजे तुला?"

"वीस मिनिटं. न कापता. कुणीतरी हातात कंट्रोलर घेऊन खेळतोय, चुकतोय, असं. कच्चा दाखवा ना."

तोवर हे त्याच्या मिसळीच्या थेंबासारखंच होतं, सवयीचं. मग त्याचा उजवा अंगठा गेला.

म्हणजे तुटला नाही. जोर गेला. फळीवरून मूर्ती उतरवताना ती त्याच्या हातातून निसटली आणि फुटली. आधी पेणच्या डॉक्टरांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. मग मुंबईच्या मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या. स्नायू वाळत जाण्याचा आजार. हातापासून सुरू होतो, वर चढत जातो. औषध नाही. तिथल्या तरुण डॉक्टरांनी समोर बसवून सगळं सांगितलं, पुढे काय काय बंद पडेल तेही. मंगेशदादा परत येऊन म्हणाला, "चांगला माणूस. कच्चा दाखवला."

मला रडू आलं तर माझ्यावर खेकसला.

मूर्ती उचलणं बंद, म्हणजे कारखाना बंद. टॉर्च धरायला दुसरा ठेवला मालकांनी. पेणची खोली सोडून तो अष्टमीला बहिणीकडे राहायला आला, ज्योतीताईकडे. कुंडलिका नदीवरच्या पुलाच्या अलीकडे रोह्यात मी, पलीकडे तो. आता भेट रोजचीच झाली. त्याने मांडीवर एक पाट घेतला होता, त्यावर कंट्रोलर ठेवायचा आणि बोटांच्या पेरांनी दाबायचा. जुन्या गेममध्ये बटणं बदलून घेता येत. जे अंगठ्याचं काम ते त्याने डाव्या हाताच्या मधल्या बोटाला दिलं. जमत होतं. फक्त एक जमत नव्हतं: एकच बटण भराभर, पुन्हापुन्हा दाबणं. काही गेम त्याऐवजी बटण नुसतं दाबून धरायची सोय देतात. काही देत नाहीत. कुठला देतो आणि कुठला नाही, हे विकत घेईपर्यंत कुणी सांगत नाही.

आता त्याला त्या होडीच्या गेमबद्दल वीस मिनिटं नको होती. तीन प्रश्न होते. बटणं बदलता येतात का? एकच बटण भराभर दाबायला लागतं का? लागत असेल तर दाबून धरलेलं चालतं का?

"पत्रक, इंग्रजीत लिही आणि पाठव कंपनीला."

मी लिहिलं. सुरुवातीला घातलं, जगभरातील कोट्यवधी वंचित खेळाडूंच्या वतीने. त्याने वाचून मान हलवली. "कोट्यवधी कुठं बघितलेस तू? मी एकटा विचारतोय. तीन प्रश्न लिही, खाली नाव लिही."

तसं पाठवलं. उत्तर लगेच आलं, आणि मी ते अजून विसरले नाही. आपल्या उत्साहाने आम्ही भारावून गेलो आहोत! आगामी घोषणांसाठी आमच्यासोबत राहा! खाली सोनेरी नांगराचं चित्र. आगाऊ नोंदणी करणाऱ्याला होडीला लावायला सोन्याचा नांगर मिळणार होता.

"होडी चालते का ते सांगत नाय, नांगर देतायत," मंगेशदादा म्हणाला.

चाहत्यांचा इंटरनेटवर एक अड्डा होता. तिथे तर माझ्या मते आमचीच माणसं असायला हवी होती. काही होतीही. जाहिरात नको, खरा खेळ दाखवा, असं म्हणणारी बरीच होती. आम्ही सगळ्यांचे प्रश्न एकत्र करून कंपनीला जाहीर निवेदन दिलं, ते मी लिहिलं, एकही विशेषण न घालता. पण अड्ड्यावर बाकीच्यांनी आम्हाला फाडलं. कंपनीला काम करू द्या. रडू नका. एकाने मंगेशदादाच्या प्रश्नाखाली लिहिलं की हात चालत नसतील तर दुसरे खेळतात ते व्हिडिओ बघत बस. मी त्याला सणसणीत उत्तर लिहायला घेतलं तर दादाने अडवलं.

"नको. वाईट नाय पोरगा. त्याने चिठ्ठी लावून टाकलीय. एकदा चिठ्ठी लावली की आपल्या मूर्तीची भेग कुणाला बघायची असते?"

कंपनीने मग प्रश्नोत्तरांचा व्हिडिओ काढला. शिडाचे रंग किती, ते सांगितलं. मांजर होडीत घेता येतं, ते सांगितलं. आमच्या तीन प्रश्नांतला एकही नाही.

त्याच सुमारास आमच्याकडे एका कारखान्याच्या वाढीव प्रकल्पाची जनसुनावणी लागली. मांडव, पंखे, पाण्याच्या बाटल्या, पहिल्या रांगेत साहेब. मंगेशदादाला मी रिक्षाने घेऊन गेले. कारखानावाल्यांनी पडद्यावर प्रकल्पाची फिल्म लावली: हिरवळ, कारंजं, चिमणीतून धूरसुद्धा नाही, कुंडलिका निळीशार. मागून मंगेशदादाचा आवाज आला, "ओ, जरा थांबवा. मागं घ्या. थांबा, तिथंच." यंत्रावरच्या मुलाने गोंधळून थांबवलं. "कोपऱ्यातलं वाचा."

मुलाने माइकवर वाचलं. "चित्र केवळ कल्पनेसाठी."

मांडव हसला. साहेबसुद्धा हसले. मला वाटलं, जिंकलो. सुनावणीच्या अहवालात पुढे लिहून आलं की ग्रामस्थांनी सादरीकरणास उत्स्फूर्त प्रतिसाद दिला.

मी तो कागद मंगेशदादापुढे आपटला. त्याने कोपराने तो सरळ केला, कारण बोटांनी होत नव्हतं. "हसणं पण यांनी रंगवून टाकलं," एवढंच म्हणाला.

गेम निघायची तारीख पुढे गेली. खेळ अधिक उत्तम व्हावा म्हणून, असं कंपनीने कळवलं. मग आणखी पुढे गेली. अड्ड्यावरचे लोक संतापले. मंगेशदादा संतापला नाही. "वेळ लागतो. घाईत केलेली मूर्ती सुकत नाय, मग तडकते. त्यांचं बरोबर हाय." आणि स्वतःच्या हातांकडे बघत, "पण हे थांबत नायत ना."

पहिल्यांदा तारीख पुढे गेली तेव्हा त्याची चार बोटं चालत होती. दुसऱ्यांदा गेली तेव्हा दोन. आणि ती माणसं एका ओळीत सांगू शकत होती. हो किंवा नाही. नाही म्हणाले असते तरी चाललं असतं, त्याने वाट बघायची सोडली असती, दुसरं काहीतरी शोधलं असतं. एवढंही त्यांनी त्याला दिलं नाही. अक्षम्य हा शब्द मी इथे लिहिते. दादा, हा एक राहू दे.

गेम निघाला. समीक्षकांना तो आधी मिळालेला, त्यांनी भरभरून लिहिलं: समुद्र जिवंत वाटतो. बटणांबद्दल कुणी अक्षर लिहिलं नाही. त्यांची बोटं धड आहेत, त्यांना ते दिसतच नाही. मंगेशदादाने न बघता कधी चप्पलही घेतली नव्हती, पण हा गेम न बघता घेतला. मी म्हटलं, "थांब की जरा, कुणीतरी लिहील."

"मीच लिहीन ना," म्हणाला. "कुणीतरी म्हणजे कोण असतो, पत्रक?"

तो उतरवून घ्यायलाच अष्टमीच्या इंटरनेटला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी मी गेले. ज्योतीताई आत भाकऱ्या थापत होती. दादाच्या मांडीवर पाट, पाटावर कंट्रोलर, एक बोट एका बटणावर आधीच ठेवलेलं. हात आता ज्योतीताई उचलून ठेवायची.

खेळ सुरू झाला. बंदर आलं. मी गेममधलं काही जाणत नाही, पण खाडी जाणते, आणि ते खरोखर सुंदर होतं. ओहोटीचा चिखल, त्यावर पाण्याच्या वळ्या, एका पायावर उभा बगळा. दादा पुढे झुकला. "चिखल बरोबर केलाय गो. चिखल कुणाला जमत नाय." इतक्या महिन्यांत मी त्याचा तसा आवाज ऐकला नव्हता. खलाशी फळीवरून चालत होडीत गेला. दादाने त्याला एका बोटाने चालवत नेलं. मग पडद्यावर बटणाची खूण आली आणि ती लुकलुकायला लागली. नांगर उचला. भराभर दाबा.

त्याने दाबलं. नांगराचा दोर थोडा वर आला आणि परत खाली घसरला. पुन्हा दाबलं. पेराने, मग मनगटाने, मग पाटावर वाकून हनुवटीने. दोर वर यायचा, पाण्याबाहेर नांगराचं टोक दिसायचं, आणि खाली. मी पर्यायांची यादी उघडून शोधलं. उजेड कमी-जास्त करता येत होता. आवाज. भाषा. मांजराचा रंग. दाबून धरायची सोय नव्हती. बटण बदलायचीही नव्हती.

ज्योतीताई पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली. "काय झालं रे?"

"नांगर उचलत नाय."

"सांग ना, कुठचं बटण? मी दाबते."

"नको गो ज्योते."

"अरे, एकदाच दाबायचं ना?"

"एकदा नाय. होडी जिथं लावू तिथं नांगर, आणि निघताना परत उचला. तू काय माझ्या शेजारी पीठ घेऊन बसणार हायस का?" मग तिच्या चेहऱ्याकडे बघून हलकंच, "तुझी भाकरी करपतेय बघ."

ती आत गेली. बराच वेळ तव्यावर काही पडल्याचा आवाज आला नाही.

"लिही," दादा मला म्हणाला. मी मोबाइल काढला. त्याने सांगितलं, मी अड्ड्यावर जसंच्या तसं लिहिलं. सुरुवातीलाच नांगर उचलायला एकच बटण भराभर दाबावं लागतं. दाबून धरलेलं चालत नाही. बटणं बदलता येत नाहीत. माझे हात अधू आहेत. मला खेळता आला नाही. चिखल चांगला केलाय.

"चिखल कशाला?"

"चांगला केलाय म्हणून."

खाली नेहमीची खेकसाखेकसी झाली. मग कुठल्यातरी लांबच्या देशातल्या बाईचं उत्तर आलं. तिच्याही बोटांत जोर नव्हता. ती आज-उद्या हा गेम घेणारच होती. सांगितलंत, बरं झालं, असं तिने लिहिलं, आणि खाली एक प्रश्न: पण समुद्र कसा आहे?

मी वाचून दाखवलं.

"काय लिहू?"

"लिही, बंदरातून दिसतो. गेलो नाय."

"एवढंच? थोडं काही..."

"एक शब्द वाढवू नकोस, पत्रक."

पुढे एक सुधारित आवृत्ती आली. त्यात बटण दाबून धरायची सोय होती. बदलांच्या लांबलचक यादीत, मांजराच्या शेपटीच्या दुरुस्तीखाली, एक ओळ. मंगेशदादाला जाऊन तेव्हा काही महिने झाले होते. संघटनेतलं एक जण मला म्हणालं, "बघ, आवाज उठवला की होतं." काय झालं? कुणासाठी झालं? त्या बाईला तरी समुद्र मिळाला का, तेही मला माहीत नाही. मी लिहून विचारलं होतं. उत्तर आलं नाही.

त्या दुपारनंतर मी त्याला इस्पितळातही पाहिलं, पण तो शेवटचा म्हणून मी धरत नाही. मी धरते तो त्या दुपारचा. मी निघाले तेव्हा त्याने यंत्र बंद करू दिलं नाही. पडद्यावर भरती सरत आली होती. पाणी उतरलं, होडी हळूहळू चिखलात बसली, एका अंगावर कलली. दोर ताणलेला, नांगर खालीच. पायरीवर चप्पल घालताना मी मागे वळून बघितलं. कंट्रोलर त्याने बाजूला सारायला लावला होता. मान वाकडी करून, कारखान्यात कच्च्या मूर्तीकडे बघायचा तसा, तो त्या समुद्राकडे आडवं बघत होता, कुठं सांधा दिसतो का ते.